भिंतीपलीकडचा सोळावा हिस्सा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. ती कशी पडली याचे किस्से ज्याचे त्याचे वेगळे. पण एक गोष्ट खरोखरच जर्मनीतून निघून परभणीच्या गल्लीबोळांत पोचली. 8 नोव्हेंबर 1895 रोजी वुर्झबर्ग शहरातल्या प्रयोगशाळेत विल्हेल्म रॉन्टजेन यांनी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज सोडली आणि थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा अंधारात उजळला. नळी पूर्ण झाकलेली होती, तरी काहीतरी बाहेर येत होते. झाकण पार करून हे क्ष-किरण पलीकडे जातात म्हणूनच तर ते सापडले. पुढची सव्वाशे वर्षे या किरणांचा उपयोग करणाऱ्यांना एकच प्रश्न सोडवत बसावे लागले: ते पलीकडे जातात, तर पलीकडे कोण आहे?

हा प्रश्न विचारायला माणसांनी फार उशीर केला. सुरुवातीच्या काळात यंत्र नीट चालते की नाही हे बघायला डॉक्टर आणि तंत्रज्ञ स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. हाडे स्पष्ट दिसली की यंत्र ठीक. रोज, दिवसातून अनेकदा. कातडी लाल होई, मग जखमा होत, मग बोटे कापावी लागत. थॉमस एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात गेले आणि 1904 साली तोही गेला. त्यानंतर एडिसन यांनी या कामाला हात लावला नाही. बोस्टनमधले दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी 1901 मध्येच गिनीपिगवर प्रयोग करून हे किरण जीव घेऊ शकतात हे दाखवले होते, नळीला शिशाचे आवरण घाला असेही सांगितले होते. त्यांचे कुणी ऐकले नाही. 1936 साली हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात या किरणांनी बळी घेतलेल्या डॉक्टर, शास्त्रज्ञ, परिचारिका यांचे स्मारक उभे राहिले, तेव्हा त्यावर 169 नावे कोरलेली होती. पुढे ती वाढतच गेली.

नियम आले ते या नावांच्या मागून. 1921 साली लंडनमध्ये एका नामांकित क्ष-किरणतज्ज्ञाच्या मृत्यूनंतर ब्रिटिश समिती नेमली गेली. 1928 साली स्टॉकहोमच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय समिती जन्माला आली. तिच्या पहिल्या शिफारशी आज वाचताना मन भरून येते. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याने दिवसाला सात तासांहून जास्त आणि आठवड्याला पाच दिवसांहून जास्त काम करू नये, सुट्टीचे दिवस होता होईल तो मोकळ्या हवेत घालवावेत, वर्षाला किमान एक महिना रजा घ्यावी, विभाग तळघरात नसावा. किरण मोजायचे कसे हे नीट ठरायचे होते, त्यामुळे माणसाला ऊन-वारा आणि विश्रांती द्या, एवढेच हातात होते. 1934 मध्ये आकडा आला: दिवसाला 0.2 रॉन्टजेन (एककही त्यांच्याच नावाचे). वर्षभराच्या कामाचा हिशेब केला तर ही मर्यादा आजच्यापेक्षा सुमारे पंचवीसपट सैल होती. आणि तीसुद्धा खोलीच्या आत काम करणाऱ्यासाठी. खोलीच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा हिशेब तेव्हा कुठल्याच कागदावर नव्हता.

या काळात परभणी निजामाच्या राज्यात होती. मोठ्या उपचारासाठी रेल्वेने हैदराबाद गाठायचे, उस्मानिया रुग्णालयात जायचे, ही मराठवाड्याची रीत. किरणोपचाराचा पश्चिमेकडचा मोठा दरवाजा उघडला तो मुंबईत परळला, 28 फेब्रुवारी 1941 रोजी. सर दोराबजी टाटा ट्रस्टने बांधलेले टाटा मेमोरियल रुग्णालय. मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या आठवणीतून हे उभे राहिले. तिथे क्ष-किरण यंत्रांबरोबर रेडियमही होते. रेडियमच्या सुया रोग्याच्या शरीरात हाताने बसवायच्या, ठरल्या वेळी हातानेच काढायच्या, आणि तोवर रोगी वॉर्डात झोपलेला. म्हणजे किरणांचा उगम खाटेवर, आणि शेजारच्या खाटेवर दुसरा रोगी, मध्ये फिरणारी परिचारिका. यंत्राचे बटण बंद करता येते, रेडियमचे करता येत नाही. त्याची तीव्रता निम्मी व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. टाटा रुग्णालयात डॉक्टरांच्या जोडीला पहिल्यापासून एक भौतिकशास्त्रज्ञ होते, डॉ. रामय्या नायडू, मेरी क्युरी यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले. भारतातले पहिले वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रुग्णालयात रोगी न तपासणारा, औषध न देणारा, नुसता मोजणारा माणूस हवा, ही गोष्ट आपल्याकडे अशी रुजली.

1955 साली हैदराबादेत मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे रेडियम इन्स्टिट्यूट आणि कर्करोग रुग्णालय निघाले. लगेच पुढच्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. परभणीच्या रोग्याचे तोंड हैदराबादेकडून मुंबईकडे वळले. तेव्हा मनमाडपर्यंत मीटरगेज; तिथे उतरायचे, बोचकी घेऊन मोठ्या गाडीत बसायचे आणि परळला जायचे. ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की आमच्याकडे घरात काय घडलेय ते कळत असे, आजही कळते.

सुरक्षेची खरी व्यवस्था मात्र परळहून थोडी पुढे, तुर्भ्याला घडत होती. अणुऊर्जा आस्थापनेचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी 20 जानेवारी 1957 रोजी केले, डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर 1967 साली तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. अणुभट्टीवर काम करणाऱ्यांच्या छातीला लावायचा बिल्ला इथे तयार होत होता, तोच देशभरातल्या रुग्णालयांना पुरवला जाऊ लागला. आधी फिल्मचा बिल्ला असे. फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने खराब होते, आणि आपल्याकडे या दोन्हींचा तुटवडा नाही. 1975 पासून तिची जागा टीएलडी बॅजने घेतली, आणि हे काम संपूर्णपणे इथल्या शास्त्रज्ञांचे आहे.

तो बॅज एकदा उघडून बघण्यासारखा आहे. आत ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, तिच्यावर नाण्याएवढ्या तीन पांढुरक्या चकत्या. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश घालून टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या. एका चकतीवर धातूची झाकणी, दुसरीवर प्लास्टिकची, तिसरी उघडी. किरण पडले की चकतीत ऊर्जा साठते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत ती तापवली की साठलेल्या ऊर्जेचा प्रकाश होऊन बाहेर पडतो आणि त्यावरून मात्रा काढतात. तीन झाकण्यांमुळे किरण कोणत्या प्रकारचे होते याचाही अंदाज येतो. पट्टीचा एक कोपरा मुद्दाम कापलेला असतो, उलटी बसू नये म्हणून. छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. अनेक ठिकाणी तो ॲप्रनलाच टाचून क्ष-किरण कक्षात खुंटीवर टांगलेला राहतो. मग तंत्रज्ञ घरी असतानाही बॅज किरण खात राहतो, अहवालात मोठा आकडा येतो, चौकशी लागते. असे प्रसंग नव्या माणसाला बॅज देताना हमखास सांगितले जातात.

बॅज माणसाची मात्रा मोजतो, आणि तीही घेऊन झाल्यावर. जागेबद्दल तो काहीच सांगत नाही. जागेसाठी वेगळा विचार लागतो. या खोलीत कोणी यायचे, कोणी नाही. या बाजूच्या खोलीत काम करणाऱ्यावर किती लक्ष ठेवायचे. कोणती जागा सगळ्यांना मोकळी. याची आखणी स्टॉकहोमच्या त्या समितीतून पुढे झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1950च्या दशकाच्या शेवटी सुरू केली आणि 1977च्या शिफारशींत ती आकड्यांत बांधली. जिथे कर्मचाऱ्याला वार्षिक मर्यादेच्या तीन-दशांशाहून जास्त मात्रा मिळू शकते ते नियंत्रित क्षेत्र, एक-दशांशाच्या वर ते देखरेखीचे क्षेत्र. 1990 मध्ये आयोगाने हे अपूर्णांक सोडले. आकड्यावर रेघ मारण्यापेक्षा तिथे प्रत्यक्ष काय काम चालते, काय चुकू शकते, हे अनुभवाने बघून क्षेत्र ठरवा, असे त्याचे म्हणणे. माझ्या मते हा बदल शहाणपणाचा होता. पण त्याची एक अट आहे. तो अनुभव असलेला माणूस तिथे असला पाहिजे. मोठ्या शहरातल्या संस्थेत तो असतो. तालुक्याच्या गावी तीन खोल्यांच्या एक्स-रे सेंटरमध्ये कोण असतो?

जिल्ह्यांमध्ये क्ष-किरण यंत्रे खऱ्या अर्थाने पसरली ती क्षयरोगाच्या निमित्ताने. 1962च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याला एक केंद्र आणि तिथे छातीचे लहान फोटो काढणारे यंत्र, अशी कल्पना होती. त्याच्या आधीपासून आणि नंतरही बरीच वर्षे ‘स्क्रीनिंग’ चाले. खोली गडद अंधारी; बाहेर उजेडात असताना डॉक्टरांच्या डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा, म्हणजे अंधाराची सवय मोडू नये; रोगी पडद्यामागे उभा, आणि किरण चालू असताना डॉक्टर त्याला ‘वळा, श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणत पडद्यावर बघत. फोटोला निमिष लागते, स्क्रीनिंगला मिनिटे. त्या पिढीच्या डॉक्टरांनी मराठवाड्यात क्षय शोधला तो स्वतःच्या अंगावर मात्रा घेऊन. त्यांची दखल कुठल्याही स्मारकावर नाही, ती घेतली गेली पाहिजे.

पुढे खासगी यंत्रे आली, आणि त्यांच्याबरोबर बांधकामाचा प्रश्न. जुन्या माळवदाच्या घराची मातीची भिंत दोन-दोन हात रुंद असे. कॉलम-बीमच्या इमारती आल्यावर आतल्या भिंती साडेचार इंचावर आल्या. नियम सांगतो की किरणांचा सरळ झोत जिच्यावर पडतो ती विटांची भिंत 35 सेंटिमीटर हवी, विखुरलेले किरण पडतात ती 23 सेंटिमीटर, दाराला 1.7 मिलिमीटर शिशाइतके संरक्षण, खोली 18 चौरस मीटरहून लहान नको. गवंड्याच्या भाषेत चौदा इंची आणि नऊ इंची. दुकानाच्या गाळ्यात किंवा राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर हे आपोआप मिळत नाही, आणि दारू-गोळ्याच्या कोठारासारखी एखादी खूण बाहेरून दिसत नाही, की वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने काळजी करावी.

म्हणून मोजणी. ती कशी होते हे थोडे जवळून बघू. तपासणारा माणूस टेबलावर पाण्याने भरलेले भांडे ठेवतो. माणसाच्या देहातून किरण जसे विखुरतात तसे पाण्यातूनही विखुरतात. यंत्र मोठ्या व्होल्टेजवर चालवायचे आणि सर्व्हे मीटर घेऊन एकेक जागा मोजायची: नियंत्रण पॅनेलची जागा, दाराच्या मागे, दाराच्या फटी, खिडकी, डार्करूम, शेजारची खोली, वरचा मजला, आणि रोगी बसतात ती जागा. लाकडी दारात बसवलेला शिशाचा पत्रा वर्षांनुवर्षे स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, त्यामुळे दाराचा वरचा भाग विशेष बघावा लागतो.

मग येतो हिशेब. समजा यंत्र 100 मिलिअँपिअरवर चालवले आणि दाराच्या फटीपाशी मीटरने ताशी 12 मिलिरॉन्टजेन दाखवले. आकडा भीतिदायक वाटतो, पण यंत्र तासभर चालत नाही. त्या केंद्राचा आठवड्याचा वापर 500 मिलिअँपिअर-मिनिटे असेल, तर किरण आठवड्याभरात मिळून पाचच मिनिटे चालू असतात. म्हणजे त्या जागी आठवड्याला 1 मिलिरॉन्टजेन. किरणांवर काम करणाऱ्यासाठी आठवड्याची मर्यादा 40, सामान्य माणसासाठी 2. दार पास. आता तेच केंद्र नावारूपाला आले, रोगी तिप्पट झाले. वापर 1,500 वर गेला, आणि त्याच दाराच्या त्याच फटीपाशी आठवड्याला 3 होतात. भिंत हलली नाही, दार बदलले नाही, कुणी काही चुकीचे केले नाही, तरी ती जागा सर्वसामान्यांसाठी मोकळी राहिली नाही.

हिशेबात आणखी एक संख्या असते: त्या जागी माणूस किती वेळ असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण परिषदेचा 1976चा 49 क्रमांकाचा अहवाल जगभरच्या भिंतींच्या रचनेचा आधार झाला. त्यात कार्यालय आणि वॉर्डासाठी पूर्ण वेळ धरला होता, व्हरांड्यासाठी चौथा हिस्सा, आणि प्रतीक्षागृहासाठी सोळावा हिस्सा. आठवड्याच्या चाळीस तासांतले अडीच तास. ज्या देशात रोगी वेळ ठरवून येतो आणि फोटो काढून गाडीत बसतो, तिथे हे ठीक असेल. आमच्या जिल्हा रुग्णालयात जिंतूर-पालमहून आलेले नातेवाईक सकाळी व्हरांड्यात सतरंजी टाकतात ती दुसऱ्या दिवशी उचलतात. तरी तो नातेवाईक चार दिवसांनी गावी जातो, त्याची वर्षाची मात्रा नगण्यच. खरा प्रश्न त्या बाकाशेजारी वर्षानुवर्षे टेबल मांडून बसणाऱ्या केसपेपरवाल्याचा, मदतनीस मावशींचा, भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या पहारेकऱ्याचा आहे. ते कर्मचारी आहेत, पण किरणांचे कर्मचारी नाहीत. त्यांच्या छातीवर बॅज नसतो. 2004च्या 147 क्रमांकाच्या अहवालात परिषदेने ही गफलत दुरुस्त केली: जिथे कर्मचारी बसलेला असतो त्या प्रतीक्षागृहाला पूर्ण वेळ धरा, जिथे कोणी नेमलेले नसते त्याला विसावा हिस्सा.

आपल्याकडे कायदा कमी नव्हता. 1962चा अणुऊर्जा कायदा, 1971चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम, 15 नोव्हेंबर 1983 रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना, 1986ची वैद्यकीय क्ष-किरणांची संहिता आणि 2001 मध्ये तिची सुधारित आवृत्ती, 2004चे नवे नियम. त्यांत नियंत्रित आणि देखरेखीच्या क्षेत्रांच्या व्याख्याही आल्या. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही आंतरराष्ट्रीय मर्यादा घेताना, कोणत्याही एका वर्षाची कमाल जगाने 50 ठेवली तिथे भारताने 30 ठेवली. कागदावर आपण जगापेक्षा कडक होतो.

कागद आणि गाव यांच्यात किती अंतर पडले होते ते ऑगस्ट 2012 मध्ये उघड झाले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभारावरचा अहवाल संसदेत मांडला. देशातल्या 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी 52,173 केंद्रांची मंडळाकडे नोंदच नव्हती. शंभरातली जवळपास 91. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय काढायला सांगितले होते. अकरा वर्षांनी ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होते. महाराष्ट्रात, म्हणजे ज्या राज्याच्या राजधानीत मंडळाचे स्वतःचे मुख्यालय आहे तिथे, नव्हते. हा आकडा वाचून मला राग आला होता, आणि तो अजून ओसरलेला नाही. मुंबईत अणुशक्तीनगरच्या त्या मुख्यालयातून परभणीला निघालेला तपासनीस रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतो. अंतर तेवढेच आहे. पण मूठभर तपासनीस आणि हजारो केंद्रे, असे गणित मांडून ठेवल्यावर कुणी कुठे पोचायचे?

2013 मध्ये मंडळाने ई-लोरा ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली आणि नोंदणीचा अर्ज जिल्ह्याच्या गावी बसून भरता येऊ लागला. साध्या एक्स-रेला नोंदणी, सीटी स्कॅनला आणि कॅथलॅबला परवाना, जबाबदार सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव, बॅजची नोंद, दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता तपासणी. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीलाही परवानगीशिवाय विकता येईना. नोंदणी झपाट्याने वाढली ती बहुतांशी या शेवटच्या अटीमुळे, असे मला वाटते. विकत घेणाऱ्याच्या दारात जाऊन जे साधले नव्हते ते विकणाऱ्याच्या दारात साधले.

परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जुन्या जिल्हा रुग्णालयाचे रूप बदलते आहे: ऑर्थोच्या शस्त्रक्रियागृहात सी-आर्म, नव्या इमारती, जुन्या खोल्यांचे नवे उपयोग. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राला चाके असतात, त्यामुळे ज्या खोलीत तो जातो ती खोली तेवढ्या वेळापुरती नियंत्रित क्षेत्र होते आणि तो निघाला की पुन्हा साधी खोली. क्ष-किरण कक्षाचा नकाशा अर्जासोबत जोडताना चारही बाजूंना आणि वर-खाली काय आहे ते लिहावे लागते. पुढे भिंतीपलीकडचे स्टोअर हलवून तिथे नोंदणीची खिडकी आली, तर जुना नकाशा आणि जुनी मोजणी दोन्ही शिळी होतात, आणि ती नव्याने करणे हे संस्थेचे काम आहे, मुंबईच्या तपासनिसाचे नाही. नकाशातल्या त्या चौकोनात ‘प्रतीक्षा’ लिहायचे की ‘नोंदणी लिपिक’, एवढ्यावर भिंतीचा हिशेब वीसपट बदलतो.